मान टाकली की पाणी

"मान टाकली की पाणी! उगाच विचार करत बसायचं नाही."

हा आवाज अजून माझ्या पोकळ पोटात घुमतो. आवाज होता रोपवाटिकेत काम करणाऱ्या माळीबाबांचा, आणि ते सांगत होते आपल्या थोरल्या लेकीला. दुपारच्या उन्हात मिरचीची कोवळी रोपं मलूल होऊन पडली होती. पोरीने दोन्ही हातांनी मला उचललं आणि अंगठ्याने दट्ट्या दाबला. थोड्या वेळाने रोपं हळूहळू उभी राहिली. ती टाळ्या पिटत ओरडली, "बाबा, उठली! सगळी उठली!"

मित्रांनो, मी एक जुना पितळी फवारा आहे. एका तांबटाने पत्रा ठोकून माझं गोल पोट घडवलं, त्याला बारीक मान जोडली, डोक्यावर दट्ट्या बसवला आणि आत कातड्याचा वायसर घातला. माझ्या तोंडून पाणी उडायचं ते धार होऊन नाही, धुकं होऊन. माळीबाबा मला राखेने घासून लखलखीत ठेवायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "हा माझा बिनपगारी मदतनीस. कधी रजा मागत नाही आणि उलटून बोलत नाही." ते ऐकून मी फुगायचो. तहानलेल्याला पाणी देणं याहून मोठं पुण्य कोणतं, असं मला वाटायचं.

माळीबाबांना दोन मुली. थोरलीला सगळे ताई म्हणत. धाकटी म्हणजे घरातलं वारं. एका जागी बसेल तर शपथ. मी वाफ्यात काम करत असायचो तेव्हा ती माझ्या तुषारांखाली डोकं घालायची आणि "अजून, अजून" म्हणायची.

मग एका हिवाळ्यात घरोघरी ताप-खोकल्याची साथ आली. धाकटीही तापली, पुष्कळ दिवस अंथरुणात पडून राहिली आणि देवाच्या दयेने बरी झाली. निदान सगळ्यांना तसं वाटलं. पण काही महिन्यांनी तिला दिवसाउजेडी झोप येऊ लागली. आळसावून माणूस लोळतो तशी नव्हे. पुस्तक उघडलं की डोकं पानावर. जेवायला बसली की घास हातात आणि डोळे मिटलेले. शाळेतून निरोपावर निरोप येऊ लागले. घरात तिचं नाव पडलं पेंगूबाई.

माळीबाबा वाईट नव्हते हो. लेकीवर त्यांचा फार जीव होता. पण त्यांचं सगळं आयुष्य रोपांत गेलेलं. ते ताईला म्हणाले, "तीही एक रोपटंच आहे. मान पडली की पाणी मार, उठेल."

त्या दिवसापासून मी वाफ्यातून घरात आलो. धाकटीचा डोळा लागला की ताई मला उचलायची आणि तिच्या तोंडावर गार पाणी उडवायची. धाकटी दचकून उठायची, बाहीने तोंड पुसायची आणि पुन्हा पुस्तकाकडे बघायची. जी पोरगी माझ्या तुषारांखाली आपण होऊन यायची, ती आता मला पाहिलं की खांदे आवळून घ्यायची. मला ते दिसत होतं, पण दट्ट्या काही माझ्या हाती नव्हता.

याहून वाईट गोष्ट पुढे आहे. ती सांगताना आजही माझं पितळ काळवंडतं.

ताईला एक गंमत सापडली. धाकटी खूप हसली की तिची हनुवटी लोंबायची, मान कलायची, गुडघे दुमडायचे आणि ती ओल्या धुण्याच्या गाठोड्यासारखी खाली बसायची. ताई नक्कल फार छान करायची. नाकात बोलणारा पोस्टमन तर तिने असा उचलला होता की बघणाऱ्याची हसून मुरकुंडी वळावी. पाहुणे आले की ती म्हणायची, "थांबा हं, आमच्या पेंगूबाईला पाडून दाखवते."

"ताई, नको ना," धाकटी आधीच तोंडावर हात दाबायची.

"पाकीट आहे हो पाकीट! घरात आहे का कोणी सही करण्यासारखं शहाणं माणूस?" ताई नाकात सुरू करायची. धाकटी ओठ घट्ट मिटायची, इकडे-तिकडे बघायची, आणि मग हसू फुटायचंच. हसू फुटलं की ती खाली.

"काय नाटकी आहे गं ही!" मावशी म्हणायची.

"नाटक कंपनीत घाला हिला. पडण्याचे पैसे मिळतील," काका म्हणायचे.

सगळे पोट धरून हसायचे. मग ताई मला उचलून तिच्या तोंडावर पाणी मारायची आणि खेळ संपायचा.

मुली मोठ्या झाल्या. ताई कॉलेजात गेली त्या वर्षी माळीबाबांच्या टोमॅटोच्या वाफ्यात एका रोपाने मान टाकली. बाबांनी पाणी दिलं. शेजारच्या रोपाने टाकली. त्यालाही पाणी दिलं. माती ओलीचिंब, पानं हिरवीगार, तरी रोपं माना टाकतच राहिली. बाबा मला पुन्हा वाफ्यात नेऊन फवारत राहिले, झारीने घालत राहिले, आणि बघता बघता अख्खा वाफा गेला. तो तहानेचा प्रकार नव्हताच. तो मर रोग होता. मातीतले जिवाणू मुळांतून आत शिरतात आणि पाणी वर नेणाऱ्या बारीक नळ्या तुंबवून टाकतात. रोपाच्या पायाशी पाणी असतं, पण ते डोक्यापर्यंत पोचत नाही. वर आपण जे पाणी ओततो, त्याच्या ओघळाबरोबर रोग शेजारच्या रोपाकडे जातो. बाबा वाफ्याच्या कडेला नुसते बसून राहिले. ताईने तेव्हाच ठरवलं की आपण हाच रोग शिकायचा.

ती शिकली, संशोधक झाली. मर रोगावर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत तिला मान मिळाला. बाबा गेल्यावर दोघी बहिणी दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकत्र राहू लागल्या, आणि बाबांची आठवण म्हणून मीही तिथे आलो. धाकटीचं शिक्षण अर्धवट राहिलं होतं. ती गल्लीच्या टोकाला शिलाईच्या दुकानात कामाला जायची. काज, बटणं, तुरपाई. तिची तुरपाई अशी की उजव्या बाजूने टाका शोधून सापडू नये. हातात सुई असताना ती आनंदात असायची.

एकदा ताई तिला न्यायला दुकानात गेली. मशीनवर पाच-सहा बायका होत्या. दुकान चालवणाऱ्या काकू म्हणाल्या, "तुमच्या बहिणीच्या हातात देवाने कला दिलीय बघा. पण डोळ्यांत नुसती झोप! काम हातात आणि ही घोरतेय. मी करू तरी काय?"

"करायचं काय, पाणी मारायचं," ताई सगळ्यांसमोर म्हणाली. "आळस आहे हो, दुसरं काही नाही. लहानपणापासून आम्ही हेच करत आलोय. थांबा, फवाराच आणून देते."

बायका हसल्या. धाकटीने खाली मान घालून दोरा दाताने तोडला.

आणि दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेलो. काही आठवडे मी माझं काम केलं. मग एके दुपारी धाकटीच्या मांडीवर एका नवरीचा रेशमी पोशाख होता. शेवटची कड दुमडायची राहिली होती. तिची मान कलली. काकूंनी लांबूनच पाहिलं आणि घाईघाईत मला उचललं. पाणी तिच्या तोंडावर पडलं, तसंच रेशमावरही पडलं. फिक्या गुलाबी कापडावर डागच डाग उमटले. ते पुसायला गेलं की आणखी पसरत.

"उद्यापासून येऊ नकोस," काकू म्हणाल्या. त्यांच्याही डोळ्यांत पाणी होतं. नवरीकडे कोणत्या तोंडाने जायचं हा घोर त्यांना होता.

धाकटी मला पिशवीत घालून घरी आली. ताईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मी तरी कुणाकुणाला तोंड देऊ? जरा डोळे उघडे ठेवायला काय होतं गं तुला?" धाकटीने मला कोरडं पुसलं आणि खिडकीत ठेवलं. दुसरी कोणी असती तर खाली फेकून दिलं असतं. त्यानंतर ती घरीच बसून शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या फाटक्या कपड्यांना टाके घालू लागली.

पुढल्याच महिन्यात ताईच्या संस्थेत लोकांसाठी प्रदर्शन होतं. एकाच मोठ्या दालनात वेगवेगळ्या विषयांचे संशोधक आपापली टेबलं मांडून बसले होते. कुठे हृदयाचं काम, कुठे साथीच्या तापाचं, कुठे झाडांचं. ताईच्या टेबलावर एका बाजूला टोमॅटोची निरोगी रोपं होती, दुसऱ्या बाजूला मर लागलेली. निरोगी रोपांवर पाणी फवारायला तिने मला नेलं होतं. घासूनपुसून नेलं, त्यामुळे मी जरा ऐटीतच होतो.

एक आजोबा काठी टेकत आले. त्यांनी आजारी रोपाच्या कुंडीत बोट घातलं. "अहो, माती तर ओली आहे! मग हे असं का बसलंय, सासुरवाशिणीसारखं?"

ताई हसली. तिने एका रोपाचा देठ कापून स्वच्छ पाण्याच्या पेल्यात उभा धरला. थोड्या वेळाने कापलेल्या टोकातून दुधाळ, बारीक धागा पाण्यात उतरू लागला.

"अगंबाई!" आजोबांच्या मागे उभी असलेली बाई म्हणाली.

"हे जिवाणू," ताई म्हणाली. "आतल्या नळ्या यांनी बंद केल्यात. मान टाकली म्हणजे तहानच असेल असं नाही, आजोबा. आधी का टाकली ते बघायचं. न बघता पाणी ओतत राहिलो, तर आपणच नुकसान करतो."

हे बोलून तिने मला उचललं आणि निरोगी रोपांकडे वळली. शेजारच्या टेबलावर झोपेच्या आजारांवर काम करणाऱ्या एक डॉक्टरबाई बसल्या होत्या. त्या एका जोडप्याला समजावत होत्या, "जागं राहणं हे काही नुसतं मनावर नसतं. मेंदूत मूठभर पेशी असतात, त्या आपल्याला जागं ठेवतात. या आजारात बहुतेकदा त्याच नाहीशा झालेल्या असतात. फ्लूसारख्या संसर्गानंतर शरीराचं संरक्षण करणारी फौज चुकून आपल्याच पेशींवर उलटत असावी, असा संशोधकांचा अंदाज आहे. मग माणूस दिवसा कुठेही झोपतो. काही जणांचं तर हसताना अंग गळतं. मान पडते, गुडघे जातात."

"म्हणजे शुद्ध हरपते?" त्या गृहस्थांनी विचारलं.

"नाही ना! तेच लोकांना कळत नाही. बोलता येत नाही, हलता येत नाही, पण तो शुद्धीवर असतो. आजूबाजूचं सगळं त्याला ऐकू येत असतं."

ताईचा अंगठा माझ्या दट्ट्यावर तसाच राहिला. माझ्या तोंडातून पाणी टेबलावर ठिबकत होतं. तिला ते दिसत नव्हतं.

जोडपं गेल्यावर ती डॉक्टरबाईंजवळ गेली. "एक विचारू? अशा माणसाला कोणी मुद्दाम हसवलं... पडावं म्हणून..."

"मुद्दाम कोण हसवेल?" डॉक्टरबाईंनी सहज विचारलं.

ताई मला उगाच पदराने पुसू लागली.

"घरात आहे का कोणी असं?" त्यांनी आवाज हळू केला.

"बहीण आहे."

"कोणाची?"

"माझीच," ताई म्हणाली. तो शब्द तिने असा उच्चारला, जणू एवढ्या वर्षांत आज पहिल्यांदा उच्चारत होती.

घरी पोचली तेव्हा धाकटी खिडकीशी बसून कोणाच्या तरी पँटची चेन बदलत होती. ताईने मला टेबलावर ठेवलं आणि चपला न काढताच तिच्यासमोर बसली.

"पडायचीस तेव्हा तुला ऐकू यायचं?"

धाकटीने सुई कापडात खोचली. "आज हे कुठून निघालं?"

"सांग ना."

"यायचं की. मावशी नाटकी म्हणायची, ते यायचं. काका पडण्याचे पैसे मोजायचे, ते यायचं. तुझा पोस्टमन तर फारच जवळून ऐकू यायचा."

"मग बोलली का नाहीस कधी?"

"पडल्यावर जीभच हलायची नाही, ताई. आणि मी उठायचे तेव्हा तुम्ही सगळे इतके खूश असायचात. म्हटलं, कशाला विरस करायचा."

ताईने पदराने तोंड झाकून घेतलं. मग तिने डॉक्टरबाईंचं सगळं बोलणं सांगितलं. तपासणी करू या म्हणाली. धाकटी एकदम उठून उभी राहिली.

"मला नाही जायचं."

"अगं, का?"

"आणि काही निघालं नाही तर? आत्ता निदान मनातल्या मनात म्हणता येतं, की असेल बाई काहीतरी आपल्याला. तिथे म्हणाले की काही नाही, तर मग मी खरोखरच आळशी ठरले. तेवढंही घालवू का मी?"

ताईने बळजबरी केली नाही. आयुष्यात पहिल्यांदाच केली नाही. एवढंच म्हणाली, "काही निघो, न निघो. पण तुझ्या तोंडावर मी पुन्हा पाणी मारणार नाही. आणि तुला आळशी म्हणणार नाही."

तसं ती वागलीही. दुपारी धाकटीचा डोळा लागला की ताई नुसती तिच्या हातातली सुई काढून बाजूला ठेवायची. पुष्कळ दिवस असे गेले. मग एका सकाळी चहा गाळता गाळता धाकटी आपण होऊन म्हणाली, "चल, जाऊन येऊ तुझ्या डॉक्टरबाईंकडे. पण बाहेर बसून राहायचं हं. मला टाकून कामाला पळायचं नाही."

तपासणीला मला कोण नेणार? पण दोघी परत आल्या तेव्हाचं बोलणं मी ऐकलं. रात्री तिच्या डोक्याला तारा लावून झोप तपासली. दुसऱ्या दिवशी थोड्या थोड्या वेळाने तिला निजायला सांगत होते आणि किती पटकन झोप लागते ते यंत्र बघत होतं.

"जन्मात पहिल्यांदा कोणीतरी म्हणालं, झोपा बाई," धाकटी चपला काढता काढता म्हणाली. "आणि झोपले तर वर शाबासकी! अशी शाळा असती ना ताई, तर पहिला नंबर सोडला नसता मी."

ताईला हसू आलं आणि तिने ते चटकन आवरलं.

आजार निघाला. तो समूळ बरा करणारा उपाय आज तरी नाही. जागं राहायला मदत करणाऱ्या गोळ्या आहेत, हसताना अंग गळू नये म्हणूनही औषध आहे, आणि दिवसातून ठरलेल्या वेळी थोडी थोडी झोप घ्यायची आहे. आणखी चांगल्या औषधांवर काम चाललंय, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. धाकटीने ते सगळं शांतपणे ऐकलं होतं. घरी आल्यावर मात्र ती भिंतीला टेकून रडली. "म्हणजे मी आळशी नव्हते. बाबांना कळायला हवं होतं गं."

"मला कळायला हवं होतं," ताई म्हणाली. "पोटासाठी तेच शिकवते मी. कुंडीतल्या रोपाचं कळलं मला आणि पाठच्या बहिणीचं नाही."

धाकटीने डोळे पुसले. "दुकानातल्या काकूंना कोण सांगणार?"

"मी सांगते. आत्ताच फोन करते."

"फोनवर नको. तू आळशी म्हणालीस ते सगळ्या बायकांसमोर म्हणालीस. मशीनवर सगळ्या असतील तेव्हा जा. मला कामावर परत घेतलं नाही तरी चालेल. पण तो शब्द तिथे पडून राहिलाय ना, तो तेवढा घेऊन ये."

"आणीन," ताई म्हणाली. "वचन देते तुला."

पण मित्रांनो, मान खाली घालून चारचौघांत जाणं सोपं नसतं. ताई दोनदा तयार होऊन दारापर्यंत गेली. एकदा तिला अचानक डबे घासायचं आठवलं, एकदा पाऊस येईलसं वाटलं. आकाश निरभ्र होतं. ताई रोज देवापुढे हात जोडायची आणि लगेच खाली घ्यायची. मागायला तोंड नसल्यासारखी.

आता माझ्या आतला वायसर वाळून गेलाय. दट्ट्या दाबला तर नुसता हवेचा उसासा निघतो. मला कोणी घासत नाही, आणि घासावं असं माझंही म्हणणं नाही. धाकटी मात्र अधूनमधून माझ्यावरची धूळ फडक्याने टिपते. तिचा हात लागला की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. मी पाणी दिलं, पण कोणाला आणि कशासाठी हे कधी पाहिलं नाही. तुम्ही तसं करू नका. तुमच्या वर्गात, तुमच्या घरात कोणी मान टाकली, कोणी पेंगलं, कोणी मागे राहिलं, तर त्याला नाव ठेवण्याआधी त्याच्याजवळ जरा बसा. "काय होतंय तुला?" एवढं विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. माणसाला जपायचं म्हणजे आधी एवढंच करायचं असतं.

आज दुपारी धाकटीची ठरलेली झोपेची वेळ झाली. ती उशीवर डोकं टेकून शांत निजली. ताईने खिडकीचा पडदा ओढून घेतला, पंखा जरा हळू केला. गल्लीच्या टोकाकडून मशीनची घरघर येत होती, म्हणजे सगळ्या बायका कामावर होत्या. ताई थोडा वेळ दाराशी उभी राहिली. मग आवाज होऊ नये म्हणून तिने चपला हातात घेतल्या, दार अलगद लोटलं आणि अनवाणीच जिना उतरू लागली.